केवळाबाईची दारं

औसा तालुक्यातल्या त्या नव्या गावात रस्ते सरळ आहेत, आणि नागप्पा सरही तसेच, नाकासमोर चालणारे. भूकंपात जुनं गाव झोपेतच गेलं, तेव्हा सर लातूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते आणि मुक्कामही तिकडेच होता. घरी बायको उमाबाई वाचली. लहानगी सुकन्या गेली.

सरांनी सगळं दुःख नवं गाव वसवण्यात घातलं. ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी कल्पिलेलं आदर्श नगर ते वर्गात शिकवत आले होते. तिथं जो तो आपलं काम करतो, आणि रडगाणी गाणाऱ्यांना जागा नसते, कारण रडणं ऐकून माणसं भित्री होतात. असं नगर कुठं आहे, असं कुणी विचारलं तर सर हसून सांगत, ते शब्दांतच वसलंय. आता ते विटांत उतरवायची संधी चालून आली होती. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं भलं करायची हुक्की आली, की देवच वाचवो.

अडचण होती केवळाबाईची. ढिगाऱ्यातून तिनं जातं तेवढं काढून आणलं होतं. पीठ गिरणीतून येत होतं, तरी ती पहाटे मूठभर ज्वारी घेऊन जात्यावर बसायची आणि जुन्या गावाची दारं घ्यायची. मारुतीपासून सुरू करून गल्लीगल्लीनं, एकेका दारातल्या गेलेल्या माणसाला एकेक ओवी:

लिंबाच्या सावलीचं, मलप्पाचं गं दार पहिलं,
हाक मारिते उंबऱ्याशी, जातं फिरायचं राहिलं.

उमाबाई रोज तिच्याजवळ जाऊन बसायची. आपलं दार आलं की रडून, मोकळी होऊन घरी यायची. सर कधी गेले नाहीत. लेकरं झोपेतून दचकून उठतात, अशी तक्रार आली, तेव्हा समाजमंदिरातल्या बैठकीत सरांनीच केवळाबाईला समजावलं, की गाव उभं राहायचं तर हे रडगाणं थांबलं पाहिजे. सरांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. केवळाबाईनं वाद घातला नाही. जातं घेऊन ती हिमायतनगरला लेकीकडं निघून गेली. त्या दिवसापासून उमाबाई रडली नाही, आणि सरांनी हे आपलं यश समजलं, याचाच राग येतो.

आता सर म्हातारे झालेत. उमाबाई हल्ली पहाटे उठून बसते, कान देते आणि विचारते, "आपलं दार आलं का?" तिला जात्याची घरघर ऐकू येते. सर समजूत घालायचे, की असं काही नाही. मग एका पहाटे ती त्यांनाही ऐकू आली, अगदी भिंतीपलीकडून, आणि ते घाबरले. घरघर यायची, पण शब्द यायचे नाहीत.

शब्द आणायला ते हिमायतनगरला गेले. केवळाबाई कधीच वारली होती. लेक दीपमालानं चहा दिला, कोपऱ्यातलं जातं दाखवलं. सरांनी ओव्यांचं विचारलं.

"आई हितं एक बी ओवी म्हणली न्हाई, सर," ती म्हणाली. "सरांनी बंद करा म्हणलंय, म्हणायची. तुमचा लई मान व्हता तिला."

परतताना एसटीत सरांना धड बसवेना. भूकंपातून जुनं गाव एकाच ठिकाणी वाचलं होतं, त्या बाईच्या शब्दांत. ते त्यांनी स्वतः पाडलं होतं.

दुसऱ्या पहाटे घरघर सुरू झाली. उमाबाईनं विचारलं, "आपलं दार आलं का?"

"येतंय," सर म्हणाले. आणि वर्गातल्या त्या कोरड्या आवाजात त्यांनी मारुतीपासून सुरुवात केली. ओवी येत नव्हती, नुसती दारं घेतली. मलप्पा. नीलाबाई. वीरण्णाची सून. काही दारांत कोण होतं तेच आठवेना, तिथं उमाबाई नाव पुरवायची. मग त्यांचं स्वतःचं दार आलं. ते नाव या घरात त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

"सुकन्या," ते म्हणाले, आणि ढसाढसा रडले. उमाबाईही रडली.

मग तिनं पदरानं डोळे पुसले. "चला पुढं," ती म्हणाली. "केवळाबाई एका दारात लई वेळ थांबत नव्हती. शेजारी अमरेशची लेकरं वाट बघायलीत."