न धुतलेलं खापर

नव्वद सालच्या अखेरीस माझा नवरा गेला. साधी कावीळ म्हणता म्हणता गेला. त्यानंतर वर्षभर मी नुसती वावरत होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, भाजी निवडत होते, कुणी काही बोललं की मान डोलवत होते. आत काही म्हणजे काही हलत नव्हतं.

तो पुरातत्त्वाचा. पेठकडच्या डोंगरात, जिथे पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, तिथल्या रानातल्या लाल मातीतून त्याने जुनी खापरं गोळा केली होती. ही भांडी डोंगरातल्या माणसांनी तिथल्याच मातीची घडवली, असं त्याचं म्हणणं. विद्वान मंडळी म्हणत, छे, गोदावरीकाठावरून वर नेली असणार, रानातल्यांना कुठलं आलंय मडकं घडवायला! हे ऐकलं की त्याचं डोकं फिरायचं. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत द्राक्षांच्या खोक्यांतून ती खापरं रचलेली असत, आणि त्यांची तपासणी त्याने माझ्या गळ्यात मारली होती.

वर्षश्राद्ध झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याचं नाव छापून आलेलं मला बघू दे. एवढं कर." म्हणून बसले.

गोदावरीकाठच्या काळ्या मातीत चुनखडीचे कण असतात. डोंगरातल्या लाल मातीतला चुना पाऊस कधीच वाहून नेतो. खापराची चकती कापायची, काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. एकाही खापरात चुना निघाला नाही. बारीक भोकं तेवढी दिसली. मातीत मिसळलेला तूस जळून पडली असतील, असं मी धरून चालले. म्हणजे त्याचंच खरं! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

मग त्याची फिरतीची पिशवी आवरायला घेतली. तळाशी शेवटच्या फेरीत आणलेलं एक खापर होतं, अजून मातीने माखलेलं. तेही कापलं. आणि बाई गं, त्यात तशीच गोल भोकं, पण प्रत्येकात चुनखडी घट्ट बसलेली.

गोदावरीकाठच्या खापरांवर चुन्याचं पांढरं पुट चढतं, म्हणून आमच्याकडे खापरं पातळ अॅसिडमध्ये भिजवून धुवायची पद्धत. डोंगरातल्या खापरांवर पुट नव्हतंच, पण याच्या हाताला सवय! रविवारी बाथरूममध्ये टब मांडायचा आणि लाडाने एकेक धुवायचा. अॅसिडने आतला चुनाही खाल्ला. शहाण्या, काय करून ठेवलंस हे! आता एका खापरावरून सगळ्यांचं काय सांगणार? दुसरी आणायची सोय नाही, ते रान पाझर तलावाखाली गेलं.

कॉलेजातले वरिष्ठ सर म्हणाले, "मॅडम, ते एक खापर बाजूला ठेवा. कोण बघतंय? त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल."

"सर, लबाडी त्याला जिवंतपणी खपली नाही," मी म्हटलं, "आता का खपेल?"

लेखात सरळ लिहिलं, की खापरं अॅसिडने धुतल्यामुळे ती कुठे घडली हे सांगता येत नाही, तेव्हा अशी खापरं कुणी धुऊ नयेत. वर नाव आधी त्याचं, मग माझं.

अंक आला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि त्याच्या नावावर बोट ठेवलं. "काय सिद्ध केलं गं त्याने?"

साखर ठेवलेली बाई ती. थाप मारली असती तर कळलंही नसतं. पण मी म्हटलं, "काही नाही, आई. त्याने खापरं धुतली आणि पुरावाच गेला. तेच छापलंय."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, आता मला बोलणार. बोलल्या त्या त्यालाच. "पेरूसुद्धा साबणाने धुऊन खायचा गाढव," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं आणि तिथेच उभी राहिले.

"आई, मला तो हवाय," मी म्हटलं.

"मलाही गं," त्या म्हणाल्या.