नंबराचे कागद

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सिक्स्टनच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि बायको गुनवोर गेल्यापासून जिभेनंही. स्वीडनच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात अहो-जाहो नाही, लहानथोर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. पण त्यासाठी आधी कुणी तोंड उघडायला हवं ना! बसथांब्यावरसुद्धा माणसं चार-चार हात लांब उभी राहतात.

हिवाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर आनेलीनं त्याला तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली: ‘चालणे, अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, शक्यतो सोबतीने.’

सिक्स्टनचा जन्म लाकडाच्या गिरणीत सांगितलं तेवढं करण्यात गेला. चिठ्ठी मिळाली की औषधाचं दुकान गाठायचं, एवढंच त्याला ठाऊक. चष्मा घरी राहिलेला, वाचतो कोण! बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून तो अर्धा तास चालत दुकानात पोचला, यंत्रातून नंबराचा कागद ओढला आणि बसून राहिला.

नंबर लागला. काउंटरवरच्या यिल्वानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि तिला हसू फुटलं. “अरे सिक्स्टन, हे औषध आमच्याकडे नसतं. चालायचं असतं ते! आणि इथवर आलास म्हणजे पहिला डोस झालासुद्धा.”

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, “आणि ते सोबतीचं? तेही नाही तुमच्याकडे?”

यिल्वाचं हसू मावळलं. “नाही रे. बरं, गुडघे कसे आहेत, ते तर सांग.”

तो गुडघ्यांबद्दल बोलला, मग गुनवोरबद्दल. मागच्यांचे नंबर खोळंबले. घरी जाताना त्याचा घसा खरखरत होता, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

बर्फ वितळल्यावर तो पुन्हा आनेलीकडे गेला. वजन उतरलं होतं, जिना चढताना धाप लागत नव्हती.

“चालल्याची काही नोंद ठेवलीस का?” तिनं विचारलं.

सिक्स्टननं कोटाचा खिसा टेबलावर उलटा केला. नंबराचे कागदच कागद, प्रत्येकावर तारीख आणि वेळ.

“औषधाच्या दुकानातले? रोज काय घेत होतास तिथे?”

“काहीच नाही. नंबर लागला की यिल्वा विचारते, गुडघे कसे आहेत.”

आनेली तारखा चाळत राहिली. “रविवार सोडून रोज! अरे, मी तीनदाच लिहिलं होतं.”

“गुडघ्यांना तीनदा पुरलं असतं गं,” सिक्स्टन म्हणाला. “पण बाकीचे दिवस बोलायचं कुणाशी?”