झाकण मिटल्यावर

आई घरातलं प्रत्येक यंत्र झाकून ठेवते. मिक्सरवर रुमाल, शिलाई मशीनवर जुनी चादर. परवा दुपारी माझ्या नव्या लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल घालताना तिचा हात थांबला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने झाकणावर तळवा ठेवला.

"बंद केला म्हणालास ना? मग गरम कसा?"

"अगं, तो झोपलाय."

बोललो खरा, आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. मिक्सर कधी झोपत नाही. तो बंद होतो. जुन्या लॅपटॉपची तर बॅटरीच काढून हातात घेता यायची. आता सगळं इतकं गुळगुळीत केलंय, की नख घालायला फट नाही. याला म्हणे सोय म्हणायचं! आत काही जागं आहे का, हे बाहेरून कळायचा मार्गच ठेवलेला नाही.

तेवढ्यात रुमालाखाली पंखा आपोआप फिरू लागला. बाबांच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल आई विचारू लागली होती; तिने वाक्य अर्धवट सोडून रुमालाकडे पाहिलं.

"आत चल," ती कुजबुजली, "इथं नको."

मला हसू आलं. पण रिपोर्टमध्ये काय आलंय ते सांगताना, स्वयंपाकघरातसुद्धा, माझा आवाज खालीच राहिला. खिशातला मोबाइल मांडीला गरम लागत होता.