ऊद फिरल्यावर

जेद्द्याच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या बाजारात, ऊद विकण्यात माझी उमर गेली. आपल्याकडे शुक्रवारी निखाऱ्यावर टाकतात तो ऊद नव्हे. इथे ऊद म्हणजे अगरूचं काळं, तेलकट लाकूड. रत्नागिरीहून आलो तेव्हा मला दोन्हींतला फरक कळत नव्हता. आता नाक शहाणं झालं, बाकी मी होतो तिथेच आहे.

आमचा माल वर्षानुवर्षं व्हिएतनाममधल्या एका गावातून यायचा. तिथल्या बायका अंगणात बसून बारीक छिन्नीने लाकडाचा पांढरा भाग खरवडून काढायच्या, काळा तेवढा ठेवायच्या. मग गावाला लागून औद्योगिक वसाहत झाली आणि तीत उदाचाही कारखाना आला. साधं लाकूड यंत्रावर कापायचं, त्याला तेल पाजायचं, रंग द्यायचा. एकसारखे तुकडे आणि निम्मा भाव. कामाला माणसं त्याच गावची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! पण त्यांना कुठल्या तोंडाने नावं ठेवू? महिन्याच्या महिन्याला पगार येण्याचं सुख मलाही ठाऊक आहे.

आमचा कफील, म्हणजे माझ्या व्हिसाचा जामीन आणि दुकानाचा मालक, कारखान्याचा माल घेऊ लागला. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही, किंवा भाव बघून त्यांनी तो कळून घेतला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गावचा एक म्हातारा कारागीर स्वतः जेद्द्याला आला. कफील यायच्या आधी मोडक्या इंग्रजीत त्याने मला सगळं सांगितलं. गावात आता थोड्याच घरांत छिन्नी उरली होती. कारखान्याने तिथल्या बायकांना शेवटचं विचारलं होतं: येणार की नाही ते आज रात्रीपर्यंत सांगा, नंतर जागा नाही. बाहेरगावच्यांची रांग दाराशी होतीच. बायका याच्या निरोपासाठी खोळंबल्या होत्या. ऑर्डर मिळाली तर कारखान्याला नकार, नाहीतर उद्यापासून कामावर.

दुकानावरच्या बैठकीत कफीलने त्याला खजूर दिले, कहवा पाजला, लाकडाची तोंडभरून तारीफ केली. ऑर्डरचा विषय निघाला की हसून पुन्हा कहवा. मला आतून चीड येत होती. एक 'नाही' म्हणायला याची जीभ झिजणार होती का? शेवटी त्याने मला खूण केली. पाहुण्याच्याच पिशवीतला तुकडा निखाऱ्यावर ठेवून मी धुपाटणं फिरवलं.

अरबांकडे ऊद सर्वांत शेवटी येतो. पाहुण्याने धूर अंगावर घ्यायचा आणि उठायचं. 'निघा' असं कुणी तोंडाने म्हणत नाही.

म्हाताऱ्याला वाटलं, आपला माल जाळून पारखला आणि पसंत पडला. त्याचा चेहरा उजळला. मी काही बोलायच्या आत त्याने फोन काढला, धुराचा व्हिडिओ घेतला आणि गावाकडे पाठवून दिला. कफील त्याच्याशी हात मिळवून आतल्या खोलीत गेला. म्हातारा ऑर्डरची वाट पाहत तसाच बसला.

मी त्याच्या शेजारी बसलो. "ही निघायची खूण असते," मी म्हणालो. "ऑर्डर नाही मिळाली."

मला फार वाईट वाटलं. त्याचा फोन सारखा वाजत होता. त्याने तो उचलला, वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बायका कारखान्याला नाही म्हणून सांगून आल्या," तो म्हणाला. "विचारतायत, लाकूड कधी फोडायला घ्यायचं?"