पाठवणीची कॅसेट

माळा आवरताना जुनी कॅसेट हाती लागली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'पाठवणी' लिहिलेलं. क्षणात मी चिखलीच्या माहेरी जाऊन बसले.

आमच्याकडे तेव्हा नवरी गाडीत बसेपर्यंत लाउडस्पीकरवर रडकी गाणी वाजायची. नवरी रडली नाही, तर बायका नावं ठेवायच्या. मी मात्र ठरवलं होतं, एक टिपूस गाळायचा नाही. म्हणून माझ्या लग्नाची कॅसेट मीच भरायला घेतली.

दादाने शेजाऱ्यांचा टेप मागून आणला. दोन टेप समोरासमोर ठेवून एकातलं गाणं दुसऱ्यात भरायचं. बोलायचं नाही, कारण घरातला आवाजही आत जायचा. ज्या गाण्याला माझा गळा दाटायचा, ते मी बाद करायचे.

"आगं, रडकीच पायजेत ना? मग चांगली चांगली काढतीस कशाला?" दादा वैतागला.

"लोकांना रडवतील ती भर. मला रडवणारी नकोत."

पाठवणीला सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी कोरडी. शेवटचं गाणं संपलं, कॅसेट फिरतच राहिली, आणि साऱ्या मांडवाला आईची हाक ऐकू आली, "ये की गं जेवाया, भाकर गार व्हायला लागली."

आई शेजारीच उभी होती. मी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. भरताना टेप वेळेत बंद केला नाही आणि एवढा हट्ट वाया गेला, म्हणून दादावर कितीतरी दिवस चिडले होते.

आता आई नाही. घरात टेपही नाही. पिंपरीत मिळाला तर ठीक, नाहीतर चाकणपर्यंत शोधेन, पण आणणारच. गाणी ऐकायची नाहीत. कॅसेट सरळ शेवटापर्यंत पळवायची. आई जेवायला बोलावतेय.