याकोबचं नाव

कोल्हापूरहून मालवणची एस.टी. पहाटे सुटली, तेव्हाच मी वैतागलेला होतो. जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं पत्र आमच्या कॉलेजात आलं होतं. नाझींनी मारलेल्या आपल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या नावांची शिळा ते लावणार होते आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून नावं मागवत होते. आमचे निवृत्त प्राध्यापक देसाईसर तिथे शिकलेले; याकोब नावाच्या ज्यू वर्गमित्राबद्दल ते आम्हाला सांगत. तीन पत्रांना त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून प्राचार्यांनी कोरा फॉर्म देऊन मला पिटाळलं. इतक्या वर्षांनी शिळा! वरातीमागून घोडं, दुसरं काय!

तळेऱ्याला टायर पंक्चर. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी घड्याळ बघू लागलो तसा कंडक्टर म्हणाला, "घाय कित्याक करतास? मालवण खंय पळान जाता?" पुढे कट्टा गावात बाजार होता. गाडीत काजूबियांची पोती चढली आणि माझे पाय त्यांच्यावर गेले. मालवणला समुद्र दिसला, पण कौतुकानं बघायचं त्राण उरलं नव्हतं.

सरांचं घर माडांत. सरांच्या पत्नीनं, काकींनी, उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिकलं (आंबट-तिखट रस्सा) वाढलं. चार घास पोटात गेल्यावर मी माणसात आलो आणि फॉर्म काढला.

"याकोबचं नाव हवंय ना? देणार नाही," सर म्हणाले. "युद्धाआधी त्याचं शेवटचं पत्र आलं. पण त्याला मेलेलं कुणी पाहिलंय?"

"सर, त्याच्या घरचं कुणीच उरलं नाही, असं तुम्हीच सांगत होतात. तुम्ही नाव दिलं नाहीत, तर ते शिळेवर येणारच नाही."

"त्याला वर्गातून काढणारे तेच, शिळा लावणारेही तेच. आणि तो मेल्याची सही मी करू?"

वाढायला आलेल्या काकी थांबल्या. "तुमी लिवा आता. धा वर्सां झाली, म्हाळाक (पितृपक्षातल्या श्राद्धाला) मी तेच्यासाठी एक पान काढतंय."

सरांचा हात ताटातच राहिला. "माका न सांगता?"

"तुमी वाट बघीत होतास. तुमका कसा सांगतलंय? पण नाव माका घेवक येणा नाय. 'ह्येंचो दोस्त' म्हणतंय आणि पान ठेवतंय."

सर जेवण अर्धं टाकून उठले. मग हात धुऊन आले आणि फॉर्म भरू लागले. शेवटी 'मृताशी संबंध' असा रकाना होता. तिथे त्यांनी जर्मनमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि आम्हाला मराठीत सांगितल्या: "आम्ही एका बाकावर बसत होतो. त्याला वर्गाबाहेर काढलं तेव्हा मी उठलो नाही."

"सर, हे लिहायची गरज नाही," मी म्हणालो.

"मग कशाची आहे?"

सकाळी मी निघालो तेव्हा सर ओट्यावर बसून काकींना नाव शिकवत होते. काकींनी ते तीनदा नीट म्हणून दाखवलं. मी आत जाऊन उगाच पिशवी आवरली.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, झोप मात्र नाही. अंग आंबून गेलं होतं आणि डोक्यात तो बाक. घरी बायकोनं विचारलं, "काम झालं?" झालं म्हणालो. पण त्या वर्गात सरांच्या जागी मी असतो तर? शिष्यवृत्ती, पदवी, गावी वाट बघणारे आईवडील, सगळं त्या एका क्षणात मला आठवलं असतं. नसतो उठलो.