दादांची फियाट, आईचं डायलिसिस

दादांनी माझ्या आजारी आईला भर उन्हात, अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं.

गाडी वाचवायला.

आज पहाटे दादा गेले. माझे वडील.
सकाळपासून फोन येताहेत. सगळे म्हणतात, फार शांत माणूस होता.
मला मात्र तो रस्ताच दिसतोय.

दादा भोकरदनच्या शाळेत गणित शिकवायचे. एक्क्याऐंशी साली त्यांनी औरंगाबादच्या एका वकिलाकडून जुनी फियाट घेतली. तेव्हा ती हौस होती. रविवारी गाडी धुवायची, पुसायची, आईला पुढे बसवून राजूरच्या गणपतीला न्यायचं.

वीसेक वर्षांनी आईच्या किडन्या गेल्या. हौस तिथंच संपली.

डायलिसिस जालन्याला, आठवड्यातून दोनदा.
एसटीत ती एकदा उभ्या उभ्या कोसळली होती. काळी-पिवळी जीपमध्ये तिला कोंबणं शक्यच नव्हतं.
राहिली फियाट.

आणि फियाटचं इंजिन आतून झिजलेलं. निळा धूर सोडायचं, ऑइल प्यायचं. त्याला घट्ट ऑइलच लागायचं. पातळ घातलं की तापल्यावर त्याचं पाणी व्हायचं आणि ऑइलचं प्रेशर पडून इंजिन कायमचं बसायची भीती असायची.
नेमकं तेच घट्ट ऑइल दुकानांतून दिसेनासं झालं होतं. नव्या गाड्या आल्या होत्या, त्यांना पातळ चालायचं.

एका उन्हाळ्यात, डायलिसिसच्या आदल्या दिवशी दादांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. टोकाला जेमतेम ओल.
गावातली सगळी दुकानं फिरून आले.

"सर, सध्या हेच येऊन राह्यलं," प्रत्येक जण पातळ ऑइलचा डबा पुढे करायचा.

शेवटी दादांनी तोच घेतला. ओतताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. पण आईचं डायलिसिस चुकवता येणार नव्हतं.

केदारखेडा मागं पडलं आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला. खालून खडखड सुरू झाली.
दादांनी जागच्या जागी इंजिन बंद केलं.

मागच्या सीटवर आई माझ्या खांद्यावर. पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता.

"दादा, चालवा ना! राजूर आलंच की!" मी ओरडले.

"चालवली तर राजूरच्या आधीच इंजिन बसंल."

"बसू द्या! आईकडं बघा!"

"तिच्याकडंच बघून राह्यलो," दादा म्हणाले. "आज पोचलो न् इंजिन गेलं, मंग पुढच्या खेपेला कशात नेऊ तिला? त्याच्या पुढच्या?"

आजचा दिवस की पुढचे सगळे दिवस, असा तो सवाल होता आणि तो माणूस स्टिअरिंगला कपाळ टेकून बसला होता.

मग ते उतरले आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. एक ट्रक बाजूनं निघून गेला. एक जीप थांबलीच नाही.
मोसंबीचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं आईचे पाय पाहिले, काही विचारलं नाही, केबिनचं दार उघडलं.
दादांनी आईला उचलून आत बसवलं. मी तिच्या शेजारी चढले.

"अन् तुम्ही?" आई म्हणाली.

"ऑइल पाहतो. येतोच मागून."

"न्हाई मिळालं तर?"

दादांनी दार लावलं.

जालन्याला पोचेपर्यंत आई टेम्पोच्या आरशात मागचा रस्ता बघत राहिली. मी मनातल्या मनात दादांना नको नको ते बोलत होते.

आई मशीनवर असतानाच दादा आले. शर्ट काळा झालेला. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेली. कुठल्याशा शेतावर जाऊन त्यांनी ट्रॅक्टरसाठी ठेवलेलं घट्ट ऑइल मागून आणलं होतं. आतलं पातळ ऑइल काढायला तापल्या गाडीखाली झोपून नट खोलला होता. उकळतं ऑइल हातावरून गेलं होतं.

असल्या अवतारात नर्स त्यांना आत सोडेना. ते दारातच थांबले.

"दिवा गेला का?" आईनं कॉटवरून विचारलं.

"गेला."

"आता बस करा हो. किती ओढसाल मला?"

दादांनी नर्सला पुढच्या वेळचा टाइम विचारला.

त्यानंतर गाडीनं आईला पुढच्या थंडीपर्यंत नेलं-आणलं. जालन्याला जाईल त्या माणसाला दादा ऑइलचा डबा आणायला सांगायचे. आईच्या गोळ्या आणि ते डबे एकाच कपाटात असायचे.

थंडीत घट्ट ऑइलला इंजिनात वर चढायला वेळ लागतो. म्हणून दादा आधी गाडी चालू करून थोडा वेळ तशीच उभी ठेवायचे. कितीही घाई असली तरी.

त्या सकाळीही ठेवली. आई मागे शाल पांघरून बसलेली. मी घराला कुलूप लावत होते.
दादांनी गियर टाकला आणि मागे वळून म्हणाले, "निघायचं ना?"

आई गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं, लगेच निघाला असता तरी फरक पडला नसता.
दादांना ते कधीच पटलं नाही.
"मी ऑइल चढायची वाट पाहत बसलो," एवढंच म्हणायचे. पाहुण्यांना, डॉक्टरला, भिंतीला.

तेराव्यानंतर बदनापूरचा एक माणूस गाडी घ्यायला आला. जुन्या गाड्यांचा शौकीन. बॉनेट उघडून खूश झाला. म्हणाला, "सर, इंजिन एकदम जपलंय हो. ह्याच्यात ऑइल कोणतं टाकता?"

दादा चावी त्याच्या हातात देत म्हणाले,
"कोणतंही टाक."

आणि घरात निघून गेले.

नंतर इतकी वर्षं जगले. जेवले, नातवंडांना पाढे शिकवले. पण पुन्हा कुठल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले नाहीत.

दादा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. ना त्या रस्त्यावर, ना त्या सकाळी.
मी किती वेळा सांगितलं. तुम्ही मान हलवायचात, ऐकायचा नाहीत.

आज शेवटचं सांगते. शांतपणे जा.
तुमच्या मुलीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.